सीएमव्ही रेटिनायटिस : गोळ्या, सलाईन की डोळ्यात इंजेक्शन?

एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाची सीडी४ संख्या, म्हणजे प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पांढऱ्या पेशींची रक्तातील मोजणी, ५०च्या खाली घसरली की शरीरात वर्षानुवर्षे निपचित पडून असलेला सायटोमेगॅलो विषाणू (सीएमव्ही) पुन्हा डोके वर काढू शकतो, आणि त्याचा घाला बहुतेकदा डोळ्याच्या पडद्यावर पडतो; हाच सीएमव्ही रेटिनायटिस. डोळा दुखत नाही, लालही होत नाही; नजरेसमोर काळे ठिपके तरंगतात, प्रकाश चमकल्यासारखा वाटतो किंवा दृष्टीचा एखादा कोपरा अंधारतो. निदान बाहुली मोठी करून पडदा पाहिल्यावरच होते. रक्तातील आयजीजी चाचणी (या विषाणूची लागण कधीतरी होऊन गेल्याचे दाखवणारी) पॉझिटिव्ह आल्याने घाबरून जाऊ नये, कारण आपल्याकडे बहुतेक प्रौढांची ती पॉझिटिव्हच असते.

निदान झाल्यावर रुग्णापुढे मुख्यतः तीन मार्ग येतात. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरच्या गोळ्या पहिले १४ ते २१ दिवस ९०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि नंतर दिवसातून एकदा, जेवणाबरोबर घ्यायच्या असतात. गॅन्सिक्लोव्हिर शिरेतून द्यायचे झाल्यास दर बारा तासांनी, वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम या प्रमाणात द्यावे लागते. तिसऱ्या मार्गात हेच औषध, साधारण २ मिलिग्रॅम, डोळ्यापुरती भूल देऊन थेट डोळ्याच्या आत टोचतात.

गोळी आणि सलाईन यांच्यात निवड करणे तुलनेने सोपे आहे. पोटात गेलेले व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर शरीरात गॅन्सिक्लोव्हिरच बनते, आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, रुग्णांवर केलेल्या तुलनात्मक चाचणीत सुरुवातीच्या उपचारासाठी दोन्हींचा परिणाम सारखाच आढळला. त्यामुळे ज्याला गिळता येते आणि ज्याच्या पोटात औषध टिकते, त्याने तीन आठवडे सुई लावून पडून राहण्याचे कारण मला दिसत नाही. तीव्र जुलाब किंवा उलट्या असतील, तर मात्र सलाईनच हवे.

खरा पेच गोळी आणि डोळ्यातले इंजेक्शन यांच्यात आहे, आणि तो बऱ्याचदा पैशांचा असतो. इंजेक्शनला औषध अगदी थोडे लागत असल्याने ते स्वस्त पडते, आणि औषध लगेच पडद्यापर्यंत पोहोचते. पण ते फक्त त्याच डोळ्याला वाचवते. दुसरा डोळा, आतडी, मेंदू यांतील विषाणूला त्याचा धक्काही लागत नाही, आणि संपूर्ण शरीरावर उपचार झालेल्या रुग्णांमध्ये दुसरा डोळा बाधित होण्याचे व मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले आहे. शिवाय सुरुवातीला दर आठवड्याला एकदा-दोनदा नेत्रतज्ज्ञाकडे जावे लागते, आणि दर सुईमागे आत जंतुसंसर्ग होण्याचा किंवा पडदा सुटण्याचा थोडा धोका असतोच. गावापासून शहर दूर असलेल्या, बुडालेल्या मजुरीचाही हिशेब करावा लागणाऱ्या माणसाला हे स्वस्त इंजेक्शन शेवटी स्वस्त राहत नाही.

म्हणून परवडण्याची कोणतीही वाट असेल, तर गोळी हा पाया धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जखम पडद्याच्या मध्यभागाजवळ किंवा दृष्टिचेतेजवळ (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूजवळ) असेल, तर गोळीच्या जोडीला इंजेक्शनही घ्यावे, कारण तिथे काही दिवसांचा उशीरही अक्षरे वाचण्याची नजर हिरावू शकतो. मेलेला पडदा कोणत्याही औषधाने पुन्हा जिवंत होत नाही. गोळी मिळतच नसेल, तर नुसत्या इंजेक्शनवर उपचार सुरू करावेत. थांबून राहू नये.

गोळीचीही किंमत शरीराला मोजावी लागते. पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट उतरू शकतात. झिडोव्हुडिन हे एचआयव्हीवरचे औषध चालू असेल तर अधिकच, म्हणून ते घेत असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पहिल्या टप्प्यात रक्ततपासणी वारंवार करावी आणि मूत्रपिंड कमजोर असल्यास मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. गर्भाला इजा होण्याचा धोका असल्याने गरोदरपण टाळणे आवश्यक आहे.

या तिन्ही मार्गांनी विषाणू रोखला जातो, नाहीसा होत नाही. त्याला कायम धाकात ठेवते ती वाढलेली प्रतिकारशक्ती. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार, सुरू नसेल, तर डोळ्याचा उपचार सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती सुरू व्हावी, आणि शासकीय एआरटी केंद्रांत ती मोफत मिळते. सीडी४ १००च्या वर तीन ते सहा महिने टिकली आणि जखम शांत असली, की नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याने गोळ्या थांबवता येतात. सीडी४ वाढू लागल्यावर डोळ्याच्या आत सूज येऊन नजर पुन्हा धूसर झाली, तर एआरटी स्वतःहून सोडू नये. लगेच डोळा दाखवावा, आणि गोळ्या बंद झाल्यावरही दर तीन महिन्यांनी पडद्याची तपासणी चालू ठेवावी.