मायक्रोटिक हेक्स : सॅटेलाइट मोडेमच्या मागे लावायचा राउटर

व्हीसॅटची, म्हणजे उपग्रहावरून नेट घेणारी, छत्री असलेल्या ठिकाणी नेट सारखं जायला लागलं की पहिला बळी राउटरचा जातो. नवा आणतात, चार दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. कारण बहुतेक वेळा लाइन राउटर तोडत नसतो. वायर सुटलेली असते, मोडेमकडून मिळालेला पत्ता गेलेला असतो, आकाशातला दुवा पडलेला असतो, किंवा यातलं काहीच झालेलं नसतं आणि राउटरची फक्त तशी समजूत झालेली असते. या चारांपैकी नेमकं काय झालं ते सांगणारा डबा हवा. मायक्रोटिकचा हेक्स, म्हणजे आरबी750जीआर3 हे मॉडेल, त्यासाठीच घेण्यासारखा आहे.

आधी डब्याबद्दल थोडक्यात. पाच गिगाबिट पोर्ट, 880 मेगाहर्ट्झचा दोन कोअरचा प्रोसेसर, 256 एमबी रॅम, 16 एमबी स्टोरेज, एक यूएसबी आणि एक मायक्रोएसडीची खाच. वायफाय नाही. ते हवं असेल तर घरातला जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकून मागे जोडायचा. स्टोरेज फारच तुटपुंजं आहे, राउटर-ओएस 7 (मायक्रोटिकची ऑपरेटिंग सिस्टिम) बसवल्यावर उरतंच काय, त्यामुळे मायक्रोएसडी कार्ड पहिल्याच दिवशी घाला. 2024 मध्ये याच नावाने ई50यूजी हे नवं मॉडेल आलं, त्यात 512 एमबी रॅम आणि 128 एमबी स्टोरेज आहे. आज नवाच घ्यायचा असेल तर तो पाहा. खाली दिलेल्या बहुतेक सेटिंग दोन्हीवर चालतात.

डबा उघडल्याबरोबर एक गोष्ट आपल्या बाजूची असते. हेक्सचा स्वतःचा पत्ता 192.168.88.1 आहे. ह्यूज या सॅटेलाइट नेट कंपनीच्या घरगुती मोडेमचं पान 192.168.0.1 वर उघडतं, आणि बाजारातले कितीतरी राउटरही तोच पत्ता घेऊन बसलेले असतात. दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क झालं की राउटरला मोडेम घरातला की बाहेरचा हेच कळेनासं होतं. काही राउटर हे ओळखून आपला पत्ता आपोआप बदलतात, पण मग प्रिंटर, कॅमेरे, बिलिंगचं मशीन असं जे जे स्थिर पत्त्यावर लावलेलं असतं ते सगळं एका फटक्यात गायब होतं. हेक्समध्ये ही भानगड उद्भवतच नाही. मोडेमची वायर ईथर1 मध्ये, घरची वायर ईथर2 ते 5 पैकी कुठेही, झालं.

आता मुख्य काम. विनबॉक्स (मायक्रोटिकचं सेटिंग करायचं सॉफ्टवेअर) उघडून इंटरफेसेसमध्ये ईथर1 वर दोनदा क्लिक करा आणि स्टेटसच्या पानावर ‘लिंक डाउन्स’ हा आकडा पाहा. वायरचा दुवा किती वेळा तुटला तेवढा तो आकडा वाढतो, शेवटचा कधी तुटला ती वेळही तिथेच असते. दिवसभरात नेट सहादा गेलं आणि आकडाही सहाने वाढला, तर दोषाची जागा मोडेम आणि राउटर यांच्यामधल्या वायरीत, किंवा मोडेमच्या वीजपुरवठ्यात आहे. कोकणात पावसाळा संपल्यावर आरजे45 चा प्लग काढून उजेडात धरा. आठ धातूच्या पट्ट्यांवर हिरवट थर दिसला तर प्लग कापून नवा क्रिम्प करायचा, पुसून भागत नाही. स्टॅट्समध्ये ‘आरएक्स एफसीएस एरर’, म्हणजे बिघडून आलेल्या पॅकेटांचा आकडा, वाढत असेल तर वायर अजून तुटलेली नाही पण जायच्या वाटेवर आहे. आणखी एक: जुन्या मोडेमचा पोर्ट 100 एमबीपीएसचा आहे म्हणून हेक्सवरही 100 फुल पक्कं करून ठेवणारे महाभाग भेटतात. एका बाजूला पक्कं आणि दुसरीकडे ऑटो असलं की ऑटोवाली बाजू हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी फक्त पाठवणं किंवा फक्त घेणं) उतरते आणि लोड आला की पॅकेट गळायला लागतात. दोन्हीकडे ऑटोच ठेवा.

लिंक डाउन्स शून्य आहे आणि तरी नेट जातंय? मग पत्ता बघायचा. आयपी, डीएचसीपी क्लायंट (मोडेमकडून ठरावीक मुदतीसाठी पत्ता मागून घेणारी सोय) या पानावर ईथर1 समोर ‘बाउंड’ दिसलं पाहिजे. ‘सर्चिंग’ असेल तर मोडेम पत्ता देत नाहीये. ‘रीन्यूइंग’ किंवा ‘रीबाइंडिंग’ वर अडकलं असेल तर मुदतवाढ मागितली जातेय आणि उत्तर येत नाहीये. मुदत अर्धी सरली की पहिली मागणी जाते, 87.5 टक्के सरल्यावर दुसरी. म्हणून नेट अगदी मोजून ठरावीक अंतराने जात असेल, दर तासाला किंवा दर बारा तासांनी, तर आधी याच पानावर यायचं. सिस्टिम, लॉगिंगमध्ये ‘डीएचसीपी’ हा विषय जोडा आणि नोंदी मायक्रोएसडीवर पाठवा. मूळ सेटिंगमध्ये लॉग रॅममध्ये राहतो, वीज गेली की तोही गेला. वेळेचं एक पथ्य पाळा. हेक्समध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही, तेव्हा टाइमझोन एशिया/कोलकाता ठेवा आणि एनटीपी क्लायंट (नेटवरून घड्याळ लावून घेणारी सोय) चालू करा. नाहीतर वीज गेल्यानंतरच्या नोंदींवरच्या वेळेवर विसंबता येत नाही, आणि या सगळ्या तपासात वेळ हाच पुरावा असतो.

अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात गावाबाहेर राहून स्टारलिंकच्या मागे स्वतःचा राउटर लावणाऱ्यांना यातला वेगळा प्रकार भेटतो. डिश आकाशाशी जोडलेली नसताना राउटरला 192.168.100 ने सुरू होणारा तात्पुरता पत्ता देते आणि जोडणी झाल्यावर 100.64 च्या गटातला खरा पत्ता मिळतो. राउटर तात्पुरत्याला चिकटून बसला तर डिश चालू, दिवे ठीक, आणि नेट नाही. पीएफसेन्स या दुसऱ्या राउटर सॉफ्टवेअरमध्ये 192.168.100.1 कडून आलेला पत्ता नाकारायची सोय आहे. हेक्सवर डीएचसीपी क्लायंटच्या स्क्रिप्टमध्ये तशी अट लिहावी लागते. मायक्रोटिककडे प्रत्येक गोष्टीला वाट असते, पण ती आपणच कुदळ घेऊन पाडायची.

वायर ठीक, पत्ता बाउंड, तरी पान उघडत नाही. आता मोडेमकडे बघा. ह्यूजच्या मोडेमवर ट्रान्समिट, रिसीव्ह आणि सिस्टिम हे दिवे असतात. नेट गेलेल्या क्षणी सिस्टिमचा दिवा विझलेला असेल तर राउटरला हात लावायचं कारण नाही. 192.168.0.1 च्या पानावर स्टेट कोड 0.0.0 असेल तर मोडेमच्या मते सगळं सुरळीत आहे. सिग्नल क्वालिटीचा आकडा निरभ्र दिवशी कागदावर लिहून मोडेमला चिकटवून ठेवा, मग पावसाळी दिवशी तुलना करता येते. वेळेवरूनही बरंच कळतं. मार्चच्या विषुवदिनाआधी आणि सप्टेंबरच्या विषुवदिनानंतर काही दिवस, रोज जवळजवळ त्याच वेळेला काही मिनिटं लाइन पडते. सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि छत्रीला त्याचाच गोंगाट ऐकू येतो. त्यावर उपाय नाही, तेवढी मिनिटं चहा घ्यावा.

चौथा प्रकार सगळ्यात जास्त सापडतो, आणि तो बहुतेक आपण स्वतःच करून ठेवलेला असतो. भूस्थिर उपग्रह 35,786 किलोमीटरवर. पिंग, म्हणजे लाइन चालू आहे का हे विचारणारं छोटं पॅकेट, जाऊन यायला हे अंतर चारदा कापायचं, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेही 477 मिलिसेकंद. प्रत्यक्षात 600 ते 700 धरून चाला. फायबरच्या सवयीने नेटवॉचमध्ये (पिंग करून लाइन तपासत राहणारी हेक्सची सोय) 500 मिलिसेकंदांचा टाइमआउट टाकला की लाइन जन्मभर ‘डाउन’ दिसणार. टाइमआउट 3 सेकंद आणि अंतर 30 सेकंद ठेवा. दर सेकंदाला 60 बाइटचं पिंग ठेवलं तर जाऊन येऊन महिन्याला 310 एमबी उडतात. दर 30 सेकंदांनी ठेवलं तर 10 एमबी.

याहून घातक सेटिंग म्हणजे सिस्टिम वॉचडॉगमधला ‘वॉच अ‍ॅड्रेस’. तिथे बाहेरचा पत्ता टाकला आणि ओळीने सहा पिंग चुकले की हेक्स स्वतःला रीबूट करतो. पाऊस जोराचा आला, सिग्नल पडला, राउटर रीबूट. उठून थोडा वेळ थांबतो, पाऊस चालूच, पुन्हा रीबूट. दुकानातला माणूस म्हणतो, राउटर सारखा बंद पडतोय, आणि त्याचं चुकत नाही. ही जागा रिकामी सोडा. राउटर रीबूट करून ढग हटत नाहीत.

उलट चूकही होते. रूटवर (पॅकेट बाहेर जायच्या वाटेवर) ‘चेक गेटवे’ पिंग लावलं की सुरक्षित झालं असं वाटतं, पण इथे गेटवे म्हणजे शेजारचा मोडेम, तो आकाशातली लाइन मेली तरी एका मिलिसेकंदात उत्तर देतो. यूएसबीला 4जी डोंगल लावून पर्यायी लाइन ठेवली असेल तर ती यामुळे कधी चालूच होत नाही. त्यासाठी डीएचसीपी क्लायंटमधला ‘अ‍ॅड डिफॉल्ट रूट’ बंद करा. 1.1.1.1 या इंटरनेटवरच्या सार्वजनिक पत्त्यासाठी मोडेममार्फत वेगळा रूट टाका, स्कोप 10. मग डिफॉल्ट रूटचा गेटवे 1.1.1.1 द्या, टार्गेट स्कोप 11, चेक गेटवे पिंग, डिस्टन्स 1. डोंगलचा डिफॉल्ट रूट डिस्टन्स 2 वर, कारण लहान डिस्टन्सचा रूट आधी वापरला जातो. तपासणी दर 10 सेकंदांनी होते आणि दोन चुकल्यावर रूट उतरतो. मात्र 1.1.1.1 हाच डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) म्हणून कुठे दिलेला नको, कारण तो पत्ता आता मोडेमलाच बांधलेला आहे. लाइन गेली की डीएनएसही जाईल आणि डोंगल चालू असून नेट नाही म्हणून तुम्ही डोकं धराल.

एका मोबाइलने फोटोंचा बॅकअप सुरू केला की अपलोडची रांग तुंबते आणि 650 मिलिसेकंदांचं पिंग काही सेकंदांवर जातं. हेही ‘नेट गेलं’ या नावानेच सांगितलं जातं. राउटर-ओएस 7 मध्ये ‘केक’ नावाची रांग आहे, त्यासाठी सिंपल क्यू (वेगाची मर्यादा घालणारी रांग) बनवून अपलोड मोजलेल्या वेगाच्या 85 टक्क्यांवर बांधा, 3 एमबीपीएस असेल तर 2.5. हे करताना फायरवॉलमधला फास्टट्रॅकचा (पॅकेट रांगेला वळसा घालून पुढे काढणारा) नियम बंद करायला विसरू नका, तो चालू असला की क्यू नुसती शोभेला राहते. सॅटेलाइटच्या वेगाला या प्रोसेसरला फास्टट्रॅकची गरजही नाही. पावसात मूळ वेगच उतरला तर ही मर्यादा कुचकामी ठरते, तेवढं गृहीत धरा.

वीजपुरवठ्याच्या बाबतीत हेक्सला पूर्ण गुण. आरबी750जीआर3 ला 8 ते 30 व्होल्ट डीसी काहीही चालतं, म्हणजे सोलरच्या 12 किंवा 24 व्होल्टच्या बॅटरीवरून मधे फ्यूज टाकून थेट देता येतं. पण मोडेमला तशी सवलत नसते. इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर लाइट जाताना होणाऱ्या क्षणभराच्या खंडात मोडेम रीबूट होतो, पुन्हा उपग्रह पकडायला काही मिनिटं घेतो, आणि हेक्स मात्र निवांत चालू असतो. इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर सरकवा आणि दुसऱ्या दिवशी लिंक डाउन्सचा आकडा पुन्हा पाहा.