650 अक्षरं की 16,500? जवळच्या माशांची ओळख पटवताना

दोन मासे दिसायला सारखे, परांतल्या काट्यांची मोजणीही जवळपास तीच. आता सीओआय नावाच्या जनुकाच्या बारकोडवर भागवायचं, की अख्खा मायटोकाँड्रियल जीनोम, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियातला सगळा डीएनए, वाचायचा?

बारकोड म्हणजे मायटोकाँड्रियातल्या त्या एका जनुकाचा सुमारे 650 अक्षरांचा (डीएनएची ए, टी, जी, सी ही अक्षरं) तुकडा. स्वस्त, एका पीसीआरचं (डीएनएच्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढण्याच्या पद्धतीचं) काम, आणि ताडून पाहायला नोंदीही भरपूर. ऑस्ट्रेलियातल्या 207 जातींच्या माशांवर 2005 साली तो वापरून पाहिला, तेव्हा एकाच जातीच्या माशांत सरासरी 0.39 टक्के, तर एकाच जीनसच्या (जवळच्या जातींच्या गटाच्या) वेगवेगळ्या जातींत 9.93 टक्के फरक निघाला. एवढी दरी असेल तर पुढे जायची गरजच नाही.

अडतं ते नुकत्याच वेगळ्या झालेल्या जातींपाशी. समजा, दोन जातींत अर्धाच टक्का फरक आहे. 650 अक्षरांत तो तीन-चार अक्षरांचा. त्यातलं एखादं अक्षर वाचण्यातली चूक, एखादं त्या एकाच माशापुरतं. मायटोकाँड्रियल जीनोम सुमारे 16,500 अक्षरांचा, 37 जनुकांचा. त्याच दराने तिथे ऐंशीएक फरक सापडतात. प्रत्यक्षात दर सगळीकडे सारखा नसतो म्हणा: आरआरएनएची (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा भाग असलेल्या रेणूंची) जनुकं सावकाश बदलतात, कंट्रोल रीजन हा जनुकं नसलेला भाग झपाट्याने. नेमका कुठे फरक आहे हे कळणं, हा माझ्या मते संपूर्ण जीनोमचा खरा फायदा.

पण ही 37 जनुकं आईकडून एका गठ्ठ्यात येतात. साक्षीदार 37 नाहीत, एकच आहे; फक्त तो जास्त बोलतो. ब्लूफिन ट्यूनाच घ्या. पेशीच्या केंद्रकातला डीएनए पाहिला तर अटलांटिक आणि पॅसिफिक ब्लूफिन एकमेकांच्या जवळचे. मायटोकाँड्रियाला विचारलं तर पॅसिफिक ब्लूफिन जाऊन बसतो अल्बाकोर या दुसऱ्या जातीच्या ट्यूनाच्या शेजारी. काही अटलांटिक ब्लूफिनमध्येही अल्बाकोरसारखा मायटोकाँड्रियल डीएनए सापडतो. जुन्या संकराची ही खूण मानतात. अशा ठिकाणी 16,500 अक्षरंही 650 इतकीच फसवतात, वर जास्त ठामपणे. तिथे आयटीएस-1 सारखा केंद्रकातला एखादा मार्कर (ओळखीसाठी वापरायचा डीएनएचा तुकडा) सोबत हवाच.

नमुना कसा आहे, यावरही बरंच ठरतं. अल्कोहोलमध्ये ठेवलेला पराचा तुकडा असेल तर दोन्ही मार्ग मोकळे. डबाबंद मासा असेल तर उष्णतेने डीएनएचे इतके तुकडे झालेले असतात की सलग 650 अक्षरंही मिळणं कठीण.

मी असं करेन: आधी सगळ्या नमुन्यांचा बारकोड, मग ज्या गटात घोळ दिसेल त्यातल्या चार-पाच माशांचा पूर्ण जीनोम. त्यात सर्वांत बोलका तुकडा सापडला की त्याचेच प्रायमर (पीसीआरमध्ये नेमका तुकडा पकडणारे डीएनएचे छोटे धागे) बनवून उरलेले नमुने तपासायचे. शेकडो माशांचे अख्खे जीनोम वाचणं म्हणजे बहुतेक वेळा पैसे पाण्यात.

आणि मायटोकाँड्रियल जीनोम वर्तुळाकार असतो, पण ते वर्तुळ पूर्ण जुळलं म्हणून लगेच खूश होऊ नका. कंट्रोल रीजनमध्ये एकच मजकूर पुन्हापुन्हा येत असेल, तर छोट्या रीड्स (यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे) जोडणारं सॉफ्टवेअर त्यातल्या काही आवृत्त्या गुपचूप गाळतं. लांबीत फरक दिसला, तर आधी तिथेच शंका घ्या.