डोंगरासाठी घर: पायथ्याचे गाव, लोकलमार्गावरचे निमशहर की पुण्याचे उपनगर?

सह्याद्रीत भटकण्याची सवय असलेला माणूस पुण्याच्या आसपास घर शोधू लागला, की नकाशावर तो सर्वांत आधी गडाच्या पायथ्यापर्यंतचे अंतर मोजतो. मीही तेच केले होते. पुढे राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणे परिसरात एक वर्ष, कामशेतला त्याहून बराच अधिक काळ आणि आता सिंहगड रस्त्यावर किरकटवाडीत, असा तिन्ही ठिकाणी संसार मांडून झाल्यावर ते माप मला फसवे वाटते. आठवड्यातून किती वेळा पायात बूट चढतात, हे मोजायला हवे. आणि त्या हिशेबात तिन्ही ठिकाणांचा क्रम नकाशावरच्या क्रमाशी जुळत नाही.

पायथ्याच्या गावाचे आकर्षण समजावून सांगण्याची गरज नाही. गुंजवण्यातून चोरदरवाज्याच्या वाटेने सरावलेला माणूस दोन-अडीच तासांत पद्मावती माचीवर पोहोचतो, आणि मंगळवारी सकाळी तिथे वाऱ्याखेरीज कोणी नसते. रविवारी त्याच वाटेवर रेलिंग धरायला रांग लागते, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच त्या मंगळवारचे मोल कळेल. संजीवनी माचीवरून उतरून डोंगरधारेने तोरण्याची बुधला माची गाठण्याचा बेत इथे आदल्या रात्री ठरवता येतो. पुण्याहून त्यासाठी सुट्टी, गाडी आणि चार जणांची जुळवाजुळव लागते. तरीही त्या वर्षी मी राजगडावर जितक्या वेळा गेलो, त्याहून अधिक वेळा गेल्या वर्षी सिंहगडावर गेलो आहे.

याचे कारण आळसात शोधण्याआधी गावातल्या दिवसाचा हिशेब पाहावा. पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, वीज गेली तर पंप कसा चालवायचा, गॅस सिलिंडर कुठून आणायचा, औषध संपले तर नसरापूरपर्यंत जायचे की थेट स्वारगेट गाठायचे, या गोष्टींत सकाळ निघून जाते. गुंजवण्याहून मार्गासनी-नसरापूरमार्गे पुणे ५०-६० किलोमीटर आहे. एरवी दोन तासांचा हा प्रवास पावसाळ्यात किती वेळ घेईल, हे रस्त्याच्या अवस्थेवर ठरते. घरून काम करणाऱ्याने मोबाइलच्या नेटवर्कवर भिस्त ठेवू नये. माझ्या घरात ते फक्त मागच्या पडवीच्या एका कोपऱ्यात मिळे, आणि महत्त्वाची बैठक मी तिथेच स्टुलावर बसून उरकत असे.

पावसाळ्याबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण घर पाहायला लोक डिसेंबरात जातात आणि निर्णयही डिसेंबरातच घेतात. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. घाटमाथ्याकडे सरकावे तसा तो झपाट्याने वाढतो आणि लोणावळ्याला सरासरी ४,००० मिलिमीटरच्या आसपास जातो. पायथ्याच्या गावात आषाढात सलग आठवडाभर सूर्य दिसत नाही, दोर वाळत नाही, आणि कपाटात ठेवलेल्या बुटांच्या आत पांढरी बुरशी धरते. घरमालकीण आजींनी माझे बूट चुलीवरच्या आडव्या काठीला टांगून वाळवले होते. बुटांना धुराचा वास दिवाळीपर्यंत येत होता. मी गडाकडे निघालो की त्या म्हणत, “दादा, गड काय पळून चाललाय व्हय? लावणी उरकू द्या, मग जावा.” त्यांचे बरोबर होते. निसरड्या वाटेवर धुक्यात एकट्याने जाण्यापेक्षा त्या दिवसांत खाचरात चिखलणीला हातभार लावणे अधिक शहाणपणाचे होते, आणि दोन-तीन दिवस मी ते केलेही, अर्थात त्यांच्या कामात माझी भर किती पडली ते न विचारलेलेच बरे.

डोंगरउताराखालचे घर निवडताना मात्र गमतीला जागा नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर कडा कोसळून दीडशेच्या आसपास माणसे गेली, आणि १९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर तोच प्रसंग आला. घरामागचा उतार जेसीबीने उभा कापलेला असेल, वरच्या अंगाला नव्याने सपाटीकरण झाले असेल किंवा ओढ्याचे तोंड भरावाने बुजवलेले असेल, तर ते घर कितीही देखणे असले तरी सोडून द्यावे.

विकत घ्यायचे ठरल्यास खरी कसोटी तलाठ्याच्या कार्यालयात लागते. महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ नुसार जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि गडाच्या पायथ्याला ‘फार्महाउस प्लॉट’ म्हणून दाखवली जाणारी बहुतेक जमीन कागदावर शेतजमीनच असते. दोन-तीन गुंठ्यांचा तुकडा सामाईक सातबाऱ्यावर नाव लावून देण्याचे आश्वासन मिळते. त्या वेळी इतक्या लहान तुकड्यांचे व्यवहार रोखणारा १९४७ चा तुकडेबंदी कायदा आठवावा. अलीकडे त्यात ज्या सवलती मिळाल्या, त्यांचा रोख मुख्यतः नागरी हद्दींकडे आहे. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ ची (म्हणजे विक्रीवर सरकारी बंधने असलेल्या जमिनीची) किंवा वनखात्याची नोंद आहे का, जुने फेरफार काय सांगतात आणि जमिनीपर्यंतचा रस्ता कागदावर आहे की शेजाऱ्याच्या भलेपणावर, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. गावठाणातले जुने घर त्या मानाने सुटसुटीत वाटते, परंतु ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा असतो, तो मालकीचा पुरावा ठरत नाही.

आता लोकलमार्गावरच्या निमशहराकडे वळू. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते आहे, आणि तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली या स्थानकांभोवतीच्या वस्त्यांचे सगळे अर्थशास्त्र तिच्यावर उभे आहे. पुण्यात नोकरी आणि डोंगरात मन अशी ज्याची विभागणी आहे, त्याच्यासाठी मला हाच पट्टा सर्वांत योग्य वाटतो. मळवलीला उतरून भाजे लेण्यांवरून लोहगड किंवा विसापूर गाठता येतो. त्यांतील लोहगड जुलै २०२५ मध्ये राजगडासह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. कामशेतहून बेडसे लेणी जवळ पडतात, पवना धरणाच्या अंगाने तुंग आणि तिकोना आहेत, आणि जांभिवलीच्या बाजूने कोंडेश्वर व ढाकचा बहिरी आहे. ढाकच्या त्या शेवटच्या कातळटप्प्याची धास्ती मला अजून वाटते, आणि ती वाटावी असेच माझे मत आहे. पॅराग्लायडिंग करणाऱ्याला तर कामशेतखेरीज दुसरा पर्याय शोधण्याचे कारण नाही. पावसाळ्यानंतर उन्हाळ्यापर्यंत तिथल्या टेकड्यांवरून रंगीत छत्र्या उतरताना दिसतात.

इथली उणीव वेगळी आहे. शनिवार-रविवार हा पट्टा तुमचा राहत नाही. पवनेच्या काठावरच्या तंबूंमधून रात्री उशिरापर्यंत ध्वनिवर्धक ऐकू येतात, लोणावळ्याकडे जाणारा रस्ता तुंबतो, आणि पावसाळ्यात एखादी दुर्घटना घडली की धबधबे व धरणांच्या परिसरात प्रशासनाचे मनाई आदेश लागतात. ते मोडण्याचा विचारही करू नये. म्हणून इथे राहणाऱ्याने आपली भटकंती आठवड्याच्या मधल्या दिवसांत बसवायला शिकावे. दुपारच्या काही तासांत लोकल विरळ असते, तेव्हा अर्ध्या दिवसाच्या रजेचा बेत वेळापत्रक पाहूनच करावा. शाळा, बाजार आणि दवाखाने यांची सोय तळेगावात चांगली, कामशेतला बेताची आणि मळवलीला जेमतेम आहे.

उपनगराला डोंगरभटके नाके मुरडतात, त्यात थोडा दंभ असतो. सिंहगड रस्त्यावरची धायरी २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आली. नांदेड, किरकटवाडी आणि खडकवासला २०२१ मध्ये. इथून पहाटे निघून आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढावा, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही खावे, आणि दहाच्या सुमारास कार्यालयातल्या खुर्चीत बसावे, हे शक्य आहे आणि शेकडो लोक ते नेमाने करतात. बसची सोय आहे. कात्रज ते सिंहगड ही डोंगररांग उन्हाळ्यातही रात्री करता येते, आणि ज्या दिवशी एवढाही वेळ नसेल त्या दिवशी वेताळ टेकडी किंवा तळजाई आहेच. शरीर तयार राहते ते या रोजच्या चढाने, आणि मोठ्या मोहिमेला त्याचाच उपयोग होतो.

मात्र पाण्याचा प्रश्न इथे विचारायलाच हवा. शहराला पाणी पुरवणारे खडकवासला धरण हाकेच्या अंतरावर असूनही समाविष्ट गावांतील अनेक सोसायट्या टँकरवर चालतात, आणि जानेवारी २०२५ मध्ये गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण याच पट्ट्यात मोठ्या संख्येने आढळले तेव्हा दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले. सदनिका पाहताना खिडकीतून सिंहगडाचा मनोरा दिसतो का, याआधी टाकीत पाणी कुठून येते ते विचारावे.

अडीअडचणीच्या वेळेचा विचार उत्साहाच्या भरात मागे पडतो. घोणस, फुरसे, मण्यार आणि नाग हे चौघेही या मुलखात आहेत, आणि सर्पदंशानंतर प्रतिविष मिळेपर्यंतचा प्रत्येक मिनिट मोजला जातो. उपनगरातून मोठे रुग्णालय जवळ आहे, कामशेतहून तळेगाव गाठता येते. पायथ्याच्या गावात मात्र तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात प्रतिविषाचा साठा आहे का, हे राहायला जाण्याआधी स्वतः जाऊन विचारावे. डोंगरात कोणी अडकले तर लोणावळ्याच्या बाजूला ‘शिवदुर्ग मित्र’सारखे अनुभवी बचाव पथक आहे, हीसुद्धा कामशेत-मळवलीची जमेची बाजू आहे.

ज्यांची मुले शाळेत आहेत आणि दोघेही नोकरी करतात, त्यांनी माझ्या मते उपनगर निवडावे आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. ज्याला आठवड्यातून दोन-तीन दिवसच पुण्यात हजेरी लावायची आहे, त्याने कामशेत पाहावे. पायथ्याचे गाव त्याच्यासाठी आहे, ज्याला गडाइतकाच गावात रस आहे आणि ज्याचे उत्पन्न रस्त्यावर वा नेटवर्कवर अवलंबून नाही.

यांपैकी शेवटचा पर्याय मनात असेल तर खरेदीपूर्वी एक वर्ष भाड्याने राहावे. भाडेकरार सहसा अकरा महिन्यांचा असतो; तो १ जुलैपासून करावा, म्हणजे सुरुवात आषाढाच्या पावसात होते, शेवट मे महिन्यात विहिरीचा तळ दिसत असताना होतो, आणि अनुभवातून सुटतो तो फक्त जून.