ऑडी टीटीचं इंटेरिअर घरीच केलं: स्वेडचं किट, स्टिअरिंगची शिवण आणि इंदूरचा मे महिना

मे महिना पूर्ण गेला, जूनचा पहिला पाऊस पडला, म्हणून आत्ता लिहितोय. इंदूरला गाडीच्या आत काहीही चिकटवलं तर त्याचा रिव्ह्यू डिसेंबरमधे लिहायचाच नाही, तेव्हा सगळं छानच दिसतं. आमच्या लोकमान्य नगरात गाडी झाडाखाली लावली तरी दुपारी दोननंतर ऊन थेट काचेवर येतं, बाहेर ४२-४३ आणि बंद गाडीच्या डॅशबोर्डला हात लावला तर पटकन मागे घ्यावा लागतो, तिथे तापमान ७० अंशांच्या पुढे सहज जातं. खरी परीक्षा ती.

घेतलं काय ते आधी सांगतो. ऑनलाइन डीआयवाय (म्हणजे स्वतःच करायचं) इंटेरिअर किट, ९,४०० रुपये. त्यात साडेचार मीटर काळं स्ट्रेच होणारं मायक्रोफायबर स्वेड (मखमलीसारखं मऊ कापड), पाठीला आधीच चिकट लावलेलं आणि वर कागद, स्टिअरिंगवर हाताने शिवायचं कव्हर, दोरा, दोन सुया, ट्रिम उघडायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि कार्बन फायबरसारखं दिसणारं व्हिनाइल (वर चिकटवायची पातळ प्लास्टिकची शीट). विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, सारखंच किट दहा नावांनी विकलं जातंय. गाडी २०१२ची ऑडी टीटी, छोटी स्पोर्ट्स कार, सेकंड जनरेशन, २.० टीएफएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन, मी तिसरा मालक. इंजिन एकदम तंदुरुस्त पण आतून बिचारी थकली होती, रूफचं कापड मागच्या बाजूला पोट सुटल्यासारखं लोंबत होतं, बटणांवरचं रबरी कोटिंग वितळून बोटाला चिकटायचं, आणि स्टिअरिंगचं लेदर घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी घासून गुळगुळीत. टीटीचं प्रॉडक्शन २०२३च्या नोव्हेंबरमधे हंगेरीत कायमचं बंद झालं, त्यामुळे आहे ती गाडी जपायची असं मी ठरवलेलं आहे, आणि बाहेरून कोटेशन घेतलं तेव्हा आकडा ऐकून बाबा म्हणाले, "अरे, तू स्वतः करून बघ ना, बिघडलं तर बघू." तर स्वतः केलं.

पहिली गोष्ट, कापड चांगलं आहे. मनापासून सांगतो, या पैशात मला एवढ्याची अपेक्षा नव्हती. हे खरं अल्कांटारा नाही हे समजून घ्या, अल्कांटारा ही इटलीतल्या एका कंपनीची स्वतःची चीज आहे, ते मटेरिअल १९७० साली जपानच्या टोरे कंपनीतल्या मियोशी ओकामोतो यांनी शोधलं, साधारण ६८ टक्के पॉलिएस्टर आणि ३२ टक्के पॉलियुरेथेन, म्हणजे त्यात चामडं मुळीच नसतं. आपल्याला किटमधे मिळतं ते त्याच जातीचं पण साधं. हाताला मऊ, बोटाने ओढलं तर चारही बाजूंना ताणलं जातं, आणि मुख्य म्हणजे उन्हात चमकत नाही. रेसिंगच्या गाड्यांमधे डॅशवर असं कापड लावतात ते उगीच नाही, पुढच्या काचेत डॅशचं प्रतिबिंब पडत नाही. कापडाला ५ पैकी ४.

पण पाठीचा चिकट, तो मात्र पूर्ण फेल.

जानेवारीत मी दोन्ही ए-पिलर (पुढच्या काचेच्या बाजूचे खांब) आणि दारांचे वरचे पट्टे गुंडाळले, कागद काढला, चिकटवलं, हेअर ड्रायर फिरवला, फोटो काढले, मित्रांना पाठवले, "भिया, एकदम कंपनीचं वाटतंय" वगैरे झालं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात डावा पिलर कडेने उकलायला लागला, मग जिथे प्लास्टिकला आतल्या बाजूने बाक आहे तिथे कापड उचलून तंबूसारखं ताणलं गेलं आणि खाली बघितलं तर चिकट मधासारखा ओघळलेला. याचं कारण आता कळतं, तो चिकट उष्णतेत नरम पडतो आणि ताणलेलं कापड सतत मूळ आकाराकडे ओढत असतं, म्हणजे जितकं जास्त ताणून लावाल तितकं लवकर सुटणार. किटच्या कागदावर गरम हवामानाबद्दल एक ओळ नाही. त्याचा मला खरंच राग आहे, कारण हे किट भारतात विकताय ना.

मग सगळं काढलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन वेळा पुसलं (याच अल्कोहोलने बटणांचं चिकट कोटिंगपण निघालं, कापूस आणि धीर लागतो, खाली स्वच्छ काळं प्लास्टिक मिळालं), आणि सियागंजमधून सिंथेटिक रबरचा कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह आणला. हीट रेझिस्टंट लिहिलेलाच मागा, साधा नको. उरलेल्या कापडाचा पाठीचा चिकट खरवडून काढणं शक्य नव्हतं म्हणून एम टी क्लॉथ मार्केटमधून तसंच स्वेड विनाचिकटाचं तीन मीटर वेगळं घेतलं, १,९५० रुपये, आणि खरं सांगायचं तर ते जास्त चांगलं निघालं.

कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्हची पद्धत अशी की दोन्ही बाजूंना लावायचा, प्लास्टिकलाही आणि कापडालाही, अगदी पातळ, मग दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोट लावलं तर चिकटलं नाही पाहिजे, आणि मग दाबायचं. ओलं असताना चिकटवलं तर धरतच नाही, वर गोंद कापडातून बाहेर येतो आणि काळ्या स्वेडवर कडक चकचकीत डाग पडतो, तो जन्मात निघत नाही. माझ्या उजव्या दारावर हँडलच्या वर नाण्याएवढा एक आहे, रोज दिसतो. ब्रशने जिथे जाड थर गेला तिथेच तो पडला. स्प्रे मिळाला तर स्प्रे घ्या.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही, स्वेडला लव असते. एका दिशेने हात फिरवला तर गडद, उलटा फिरवला तर फिकट. मी कापड वाचवायला एक पिलरचा तुकडा उलटा कापला होता, घरात ट्यूबलाइटखाली काही फरक नव्हता, गाडीत बसवून सकाळी राजवाड्याकडे निघालो तर उन्हात डावा पिलर काळा आणि उजवा राखाडी! पूर्ण पुन्हा केला. सगळे तुकडे कापायच्या आधी पाठीवर खडूने बाण काढा, बाण गाडीच्या मागच्या दिशेला, बस.

रूफ मात्र ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते काम सगळ्यात समाधानाचं झालं. लोंबतं का, तर कापडाच्या मागे फोमचा पातळ थर असतो, उन्हाने आणि वयाने त्याचा भुगा होतो, कापड चांगलंच असतं पण त्याला धरायला मागे काही उरत नाही. म्हणून लोंबणाऱ्या कापडात सुईने गोंद भरणं, पिना टोचणं हे सगळं वाया. सन व्हायझर, लाइट, पिलर काढले, हे कापड ज्यावर चिकटवलेलं असतं तो छताचा बोर्ड मागच्या डिकीच्या दारातून बाहेर घेतला (दोघं जण लागतात, बोर्ड वाकला की तडकतो, बाबांनी एक टोक धरलं होतं), जुनं कापड एका झटक्यात निघालं आणि खाली पिवळा भुगा, अक्षरशः बेसन सांडल्यासारखा. तो नरम ब्रशने पूर्ण काढायचा, यातच माझे तीन तास गेले आणि हेच तीन तास सगळ्यात महत्त्वाचे, कारण भुग्यावर गोंद मारला तर तो भुग्यालाच चिकटणार, बोर्डाला नाही. मास्क घाला. मग कापड अर्धं दुमडून मधोमध सुरू करून कडेकडे दाबत जायचं. संपूर्ण मे महिन्यात एक फुगा आला नाही.

आता स्टिअरिंग. किटमधलं कव्हर गोल स्टिअरिंगसाठी होतं, आणि टीटीचं स्टिअरिंग खालून चपटं असतं. लिस्टिंगमधे "सर्व मॉडेल" लिहिलेलं. खालच्या सपाट भागात बोटभर कापड जास्त, वर खेचावं तर शिवणीची भोकं समोरासमोर येईनात. स्टिअरिंगवर ढिलं कव्हर म्हणजे वळणावर हाताखाली सरकणारं कव्हर, ते चालवायचं नाही, कधीच नाही. म्हणून साचा स्वतः केला, स्टिअरिंगला आधी स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळली, वर मास्किंग टेपचे दोन थर, शिवण जिथे यायला हवी तिथे पेनने रेघ, स्पोकजवळ खुणा, मग ब्लेडने आतल्या रेघेवर कापून ते साल काढलं आणि सपाट केलं. तो झाला साचा. कापड ताणलं जातं म्हणून साच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमीच कापायचं.

शिवायला राजेंद्र नगरची आत्या आली. चाळीस वर्षं ब्लाउज, फॉल-पिको, पडदे सगळं घरी शिवलेले हात. आधी गाडीच्या दारात उभी राहून बघत होती, मग म्हणाली, "सरक जरा, असा दोरा ओढलास तर कापड फाटेल, दोऱ्याला मेण लावलंस का?" मेणाचा दोरा किटमधला ठीकच होता, पण सुई सरळ, आणि स्टिअरिंगच्या आतल्या बाजूला सरळ सुई फिरतच नाही. आत्याने गादीवाल्यांची वाकडी सुई पिशवीतून काढली, बोटात अंगुस्तान घातलं आणि पॅसेंजर सीटवर मांडी घालून बसली. दोन्ही कडांना आधी मशीनवर एक-एक टीप मारून घेतली, आणि हाताचा दोरा कापडात न टोचता त्या टिपेच्या टाक्यांखालून ओवत गेली, एक इकडचा, एक तिकडचा, क्रिकेटच्या नव्हे, बेसबॉलच्या चेंडूवर असते तशी शिवण. दर पाच टाक्यांनी थांबून नखाने कड आत बसवायची. दोन संध्याकाळी लागल्या. दोरा पॉलिएस्टरचाच घ्या, नायलॉन उन्हात लवकर कमजोर होतो. एअरबॅगच्या मधल्या भागाला आम्ही हातही लावला नाही, स्टिअरिंग काढलंही नाही.

आज ती शिवण बघून लोक विचारतात कुठून करून घेतलंस, आणि मी आत्याचं नाव सांगतो.

व्हिनाइल थोडक्यात सांगतो, घेऊ नका, किटमधलं तर नाहीच. कॅलेंडर्ड (रुळांत दाबून बनवलेलं, स्वस्त) व्हिनाइल होतं, ते ताणलं की उन्हात परत आक्रसतं, गिअरच्या कन्सोलच्या कोपऱ्यातून दोन आठवड्यांत उठलं. लावायचंच असेल तर कास्ट (ओतून बनवलेलं) व्हिनाइल, महाग पडतं, आणि लावल्यावर हीट गनने ९०-१०० अंशांपर्यंत कडा तापवायच्या म्हणजे ते आकार सोडत नाही. पण टीटीमधे गोल एसी व्हेंटच्या ॲल्युमिनियमच्या कड्या इतक्या सुंदर आहेत की त्यांच्या शेजारी खोटं कार्बन मला स्वतःलाच बघवेना. काढून टाकलं.

काय केलं नाही तेही सांगायलाच हवं. पॅसेंजरच्या समोरचा डॅश गुंडाळला नाही, खाली एअरबॅग आहे आणि वर कापड ताणून चिकटवलं तर ती नीट उघडेल याची खात्री कोण देणार. सीटही नाही, सीटच्या बाजूला साइड एअरबॅग आहे, तिथली शिवण मुद्दाम सुटेल अशी केलेली असते, वर जाड कव्हर चढवलं तर ती अडते. छोटी ग्वालटोलीत सीट कव्हर बघत असाल तर एवढं एक आधी विचारा. कुठल्याही गाडीत पिलरवर एअरबॅग लिहिलेलं दिसलं तर तो पिलर सोडून द्या. दिसायला कमी झालं चालेल.

आपल्या शहरात गाडी मनासारखी करून घ्यायची हौस जुनी आहे हो. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेतून ड्यूसेनबर्ग एसजे घेतली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून करून घेतली, केशरी आणि काळी, आणि राहायला माणिकबाग महाल, ज्याचं डिझाइन जर्मन आर्किटेक्ट एकार्ट मुथेसियसने केलं. माणिकबागेत आता सरकारी कर खात्याचं ऑफिस आहे. मी त्या रस्त्याने जाताना दर वेळी वेग कमी करतो. आतलं कापड, बटण, रंग यांचा विचार करणं हे फालतू काम नाही असं मला तिथून जाताना वाटतं.

बाकी दारांच्या आत साउंड डॅम्पिंगच्या शीट लावल्या, ब्यूटाइल रबरच्याच घ्या, स्वस्त डांबरवाल्या उन्हात वास मारतात. पायाशी एक मंद एलईडी पट्टी, फ्यूज टॅपने (फ्यूज बॉक्समधून वीज घ्यायची जोडणी), स्वतंत्र फ्यूज घालून, मूळ वायर न कापता. वायर कापून जोडणाऱ्यापासून लांब राहा.

एकूण खर्च किटसकट १४,१०० झाला. आज परत करायचं झालं तर किट घेणार नाही, विनाचिकटाचं स्वेड, चांगला ॲडहेसिव्ह, प्लास्टिकच्या पट्ट्या, वाकडी सुई आणि दोरा, पाच-साडेपाच हजारात सगळं इंदूरमधेच मिळतं. किटला ५ पैकी २, ते दोनही कापडाचे आणि ट्रिमच्या पट्ट्यांचे, त्या पट्ट्यांनी एकही क्लिप तुटली नाही.

चपट्या स्टिअरिंगचा साचा मी जाड पुठ्ठ्यावर उतरवून ठेवलाय, सेकंड जनरेशन टीटी असेल कोणाकडे तर सांगा, ट्रेस करून घ्या. फक्त लव कुठल्या दिशेला ती खूण त्यावर पेनने केलीय, ती बघूनच कापा.