केंब्रिजचा बिटकॉइन मायनिंग नकाशा: टक्केवारी जपून वाचावी

बिटकॉइन मायनिंग, म्हणजे संगणकांनी व्यवहार पडताळून नवी बिटकॉइन मिळवणे, कोणत्या देशात किती चालते हे दाखवणारा केंब्रिज विद्यापीठाचा हा नकाशा विनामूल्य असून दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावीही मोबाइलवर नीट उघडतो. मात्र त्यातील देशनिहाय टक्केवारी काही सहभागी मायनिंग पूलकडे (एकत्र मायनिंग करणाऱ्यांच्या गटांकडे) दिसणाऱ्या आयपी पत्त्यांवर, म्हणजे यंत्रांच्या इंटरनेटवरील क्रमांकांवर, बेतलेली आहे, आणि यवतमाळ जिल्ह्यात बसून वापरलेला माझा मोबाइल आयपीवरून मुंबईत दिसतो! चीनने २०२१ मध्ये मायनिंगवर घातलेल्या बंदीनंतर त्याचा वाटा जुलै-ऑगस्टमध्ये शून्य दाखवला गेला आणि सप्टेंबरमध्ये तो एकदम २० टक्क्यांच्या वर गेला. यंत्रे महिन्याभरात परतली असे मानण्यापेक्षा, ती व्हीपीएनच्या (खरे ठिकाण लपवणाऱ्या इंटरनेट सेवेच्या) आडून चालूच राहिली असावीत, हे मला अधिक पटते. जर्मनी व आयर्लंडचे आकडे अशाच कारणाने फुगल्याची शक्यता केंब्रिजनेच नोंदवली आहे, हा प्रामाणिकपणा दुर्मिळ. परंतु मी पाहिलेली अखेरची नोंद जानेवारी २०२२ ची, म्हणून पाचपैकी तीनच तारे.