टीआरव्ही व्हेक्टर किट: पैसे वसूल, पण घेण्याआधी हे वाचा

लॅबमध्ये जीन एडिटिंगसाठी टोबॅको रॅटल व्हायरसचं (टीआरव्ही, झाडांचा एक व्हायरस, जो इथे एडिटिंगचं सामान झाडात पोचवणारा वाहक म्हणजे व्हेक्टर असतो) किट मागवलं होतं आणि खरं सांगते, मी जाम खूश आहे. आधी टिश्यू कल्चर (लॅबमध्ये पेशींपासून रोप वाढवणं) करून करून जीव मेटाकुटीला यायचा, कॅलस म्हणजे पेशींचा गोळा वाढवा, मग त्यातून रोप यायची वाट बघा, महिनेच्या महिने जायचे. इथे व्हायरसचा डीएनए झाडाच्या पेशीत नेणारा ॲग्रोबॅक्टेरियम हा बॅक्टेरिया बिनसुईच्या सिरिंजने पानाच्या खालून दाबून सोडायचा, पान ओलं गडद दिसायला लागतं, की झालं, पुढचं काम व्हायरस करतो. आम्ही पीडीएस जीन निवडलेला, तो तुटला की हिरवा रंग जातो, आणि नवीन पानांवर पांढरे चट्टे दिसले तेव्हा अक्षरशः ओरडले मी!

पण कॅस९, म्हणजे डीएनए कापणारं एन्झाइम, ह्या व्हायरसमध्ये मावत नाही हां, फक्त गाइड आरएनए (कुठे कापायचं ते दाखवणारा तुकडा) जातो, म्हणजे झाडात कॅस९ आधीपासूनच लागतं. विक्रेत्याने हे कुठेच नीट लिहिलं नव्हतं, आमची पहिली बॅच साध्या रोपांवर वाया गेली, फार वाईट वाटलं. टीएनपीबीसारखं डीएनए कापणारं छोटं एन्झाइम असेल तर सगळंच बसतं, २०२५ मध्ये अरॅबिडॉप्सिस ह्या प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपावर करून दाखवलंय. आणि गाइडला एफटीचा (फुलं यायला लावणाऱ्या जीनचा) तुकडा जोडलेलंच व्हर्जन घ्या, त्याने गाइड शेंड्यापर्यंत पोचतो आणि एडिट बियांत उतरतं.