स्टिअरिंगवरचा गिअर की खालचा? जुन्या गाडीसाठी निवड

सोलापुरात जुनी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर घेताना बहुतेक जण इंजिन आणि पत्रा बघतात. गिअरचा दांडा कुठे आहे, हेही बघा; पुढची बैठक त्यावरच ठरते.

दांडा स्टिअरिंगवर असला की पुढे सलग बाक बसतो. पाय ठेवायची जागा मोकळी, सोलापुरी चादर अंथरली की उन्हात रेक्झिन चटकत नाही. दुखणं मात्र बुशांचं, म्हणजे सांध्यांत बसवलेल्या छोट्या कड्यांचं. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या सळ्यांचे बुश झिजले की दांडा ढिला होतो, तो दोन गिअरांच्या मध्येच अडकतो. भर चौकात असं झालं तर इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, बॉनेट उघडून सळ्यांचे लिव्हर हातानं न्यूट्रलला आणा. कायमचा इलाज म्हणजे सगळे बुश एकदम बदलणं. एकच बदलला तर ढिलाई उरतेच. मग दांडा न्यूट्रलला धरून सळी जोर न लावता लिव्हरच्या भोकात बसेल इतकी लांबी जुळवायची, नंतरच नट आवळायचा.

खालचा दांडा थेट गिअरबॉक्सवर, म्हणून गिअर नेमका पडतो. इसुझू इंजिनाच्या 1800 अ‍ॅम्बेसेडरला तोच आहे, सोबत पाच गिअर आणि वेगळ्या सीट. दांड्याच्या बुडाशी असलेलं रबरी आवरण (बूट) फाटलं की धूळ न् गरम हवा आत येते. एप्रिलमध्ये ते लगेच कळतं.

घरची माणसं जास्त असतील तर बाकाचीच गाडी घ्या. पुणे रस्त्यावर सारखं जाणाऱ्यानं 1800 शोधावी. बाकाच्या गाडीत मध्ये भोक पाडून खालचा दांडा बसवू नये. बाकही जातो, किंमतही.